सूर्योपासना, राशिचक्र आणि पुराणकथा

सूर्याला देव मानून पूजणे, आकाशातील त्याच्या स्थानावरून काळाचे व भविष्याचे अनुमान बांधणे आणि त्याच्याभोवती कथा गुंफणे या गोष्टी प्राचीन संस्कृतींत बहुधा एकत्र आढळतात. मात्र त्या एकाच वेळी वा एकाच ठिकाणी जन्मलेल्या नाहीत. सूर्यपूजा अनेक प्रदेशांत स्वतंत्रपणे सुरू झाली, बारा राशींचे चक्र एका विशिष्ट प्रदेशात तयार होऊन देशोदेशी गेले आणि कथांनी या दोहोंना त्या त्या मातीत रुजवले. सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी पाळली जाणारी व्रते, यात्रा आणि पर्वकाळ यांत हे सगळे थर अजून ओळखता येतात, म्हणून या नोंदीत तेथील उदाहरणे विशेषत्वाने घेतली आहेत.

प्राचीन ईजिप्तमध्ये सूर्यदेव रा हा दिवसा एका नौकेतून आकाश ओलांडतो आणि रात्री पाताळातून प्रवास करताना अपेप या सर्पाशी झुंजतो, अशी श्रद्धा होती. पहाटेचा सूर्य खेप्री, मावळतीचा आतुम अशी त्याची वेगळी रूपेही मानली जात. इ.स.पू. चौदाव्या शतकात अखेनातेन या राजाने आतेन या सूर्यबिंबाचीच उपासना राज्यभर लादण्याचा प्रयत्न केला. तो त्याच्यामागे टिकला नाही. अबू सिंबेलच्या मंदिरात वर्षातून दोनदा, फेब्रुवारी व ऑक्टोबरच्या २२ तारखेच्या सुमारास, सूर्यकिरण थेट गाभाऱ्यातील मूर्तींपर्यंत पोहोचतात. जपानमधील अमातेरासू, पेरूमधील इंकांचा इंती आणि आयर्लंडमध्ये सुमारे इ.स.पू. ३२०० च्या न्यूग्रेंज येथील, दक्षिणायनाच्या अंतीच उजळणारे दगडी दालन हीही सूर्याविषयीच्या आस्थेचीच उदाहरणे होत. इंकांचा आशिया-युरोपशी संबंध नव्हता. तरीही अयनांताचा उत्सव त्यांच्याकडे होता, मेष-वृषभादी बारा राशी मात्र नव्हत्या. सूर्यपूजेला कोणाकडून शिकावे लागत नाही, राशिचक्र शिकावे लागते, हे यावरून ध्यानात येते.

राशिचक्र घडले ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भूमीत. तेथे शमश हा सूर्यदेव न्यायाचा अधिपती होता. सारे काही पाहणारा तो निवाडा देतो, या भावनेतूनच तेथील बॅबिलोनियाचा राजा हम्मुराबी याच्या विधिलेखाच्या, म्हणजे कायदे कोरलेल्या शिळेच्या, माथ्यावर राजा शमशापुढे उभा दाखवला आहे. पण त्या देशात शमश हा चंद्रदेव सिनचा पुत्र; आकाशातील शकुनांतही चंद्राचा मान मोठा होता. सुमारे सत्तर मृत्तिकापट्टांच्या एका संग्रहात ग्रहणे, सूर्य-चंद्राभोवतीची खळी आणि ग्रहांचे उदयास्त यांची फले राजा व राज्य यांच्यासंबंधी दिलेली आहेत. अशुभ ग्रहण दिसल्यास खऱ्या राजाला काही काळ बाजूला ठेवून त्याच्या जागी बदली राजा बसवण्याचीही रीत होती, म्हणजे अरिष्ट त्या बदली राजावर जावे. व्यक्तीच्या जन्मवेळेवरून भविष्य सांगण्याची पद्धत याहून बरीच उशिराची आहे. बारा समान भागांचे राशिचक्र इ.स.पू. पाचव्या शतकातले असून ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या जन्मपत्रिका त्याच शतकाच्या अखेरच्या, इ.स.पू. ४१० च्या आहेत.

ही विद्या पुढे ग्रीकांकडे गेली, अलेक्झांड्रियात तिला भूमितीची बैठक मिळाली आणि इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ती भारतात आली. वैदिक वाङ्मयात वर्षाचे बारा आरे आणि ३६० दिवस आहेत, नक्षत्रे आहेत, सात घोड्यांचा सूर्य आहे. परंतु मेषादी राशी नाहीत आणि वेदांग ज्योतिष या प्राचीन कालगणनेच्या ग्रंथातही त्या नाहीत. मकर राशीचे चिन्ह हा या प्रवासाचा बोलका पुरावा आहे. बॅबिलोनियात शेळीचे तोंड व माशाचे शेपूट असलेला एक प्राणी एआ या जलदेवतेचा सेवक मानला जाई. तोच ग्रीकांच्या राशिचक्रात गेला आणि सहाव्या शतकात ज्योतिषी वराहमिहिराने मकराचे वर्णन हरणाच्या तोंडाचा असे केले. जानेवारीत कराड किंवा मिरजेच्या घरात सुगडांची पूजा होते, तेव्हा त्या सणाच्या नावात हा प्राणी असतोच.

सात वारांचीही गोष्ट अशीच आहे. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या मंदगतीकडून शीघ्रगतीकडे जाणाऱ्या क्रमाने दिवसाच्या चोवीस होरांचे, म्हणजे तासांचे, स्वामी मोजत गेले, की शनिवारनंतरच्या पहिल्या होऱ्याचा स्वामी रवी येतो, त्यापुढील दिवशी चंद्र येतो आणि आज आपण वापरतो तो वारक्रम तयार होतो. भारतातील वाराचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख मध्य प्रदेशातील एरण येथील, इ.स. ४८४ च्या शिलालेखात आहे. रोममध्ये सूर्याच्या वाराला, म्हणजे रविवारला, सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली विश्रांतीचा दिवस ठरवले. त्याआधी २७४ साली ऑरेलियनने अजिंक्य सूर्याचे मंदिर उभारले होते.

महाराष्ट्रात श्रावणातील रविवारी, काही घरांत पौषातही, आदित्यराणूबाईचे व्रत करतात. विड्याच्या पानावर रक्तचंदनाने सूर्य व राणूबाई काढून सहा सुतांच्या तातूला सहा गाठी देतात आणि ‘आटपाट नगर होतं’ अशी सुरुवात असलेली कहाणी सांगतात. सातारा जिल्ह्यातील पाल येथे पौषात भरणाऱ्या यात्रेत खंडोबा-म्हाळसेचा विवाह लागतो. खंडोबा हा मार्तंड भैरव. मार्तंड हा वेदातील अदितीचा आठवा पुत्र आणि सूर्याचेच एक रूप. त्याचा वार रविवार, त्याचा भंडारा हळदीचा. देव इथला, पूजा इथली. वार ठरवणारी गणना मात्र दूरवरून आलेली. व्रताचे महत्त्व याने कमी होत नाही, उलट त्यामागे किती पिढ्यांनी आकाश वाचले आहे ते कळते.

इराणकडून आलेला प्रवाहही लक्षात घ्यावा लागतो. कृष्णपुत्र सांबाला कुष्ठ झाले, सूर्याच्या आराधनेने तो बरा झाला आणि मंदिराच्या पूजेसाठी त्याने शाकद्वीपातून ‘मग’ नावाचे ब्राह्मण आणले, अशी पुराणकथा आहे. उत्तर भारतातील सूर्यमूर्तींच्या पायांत बूट दिसतात. वराहमिहिरानेही सूर्याला उत्तरेकडील लोकांचा वेष सांगितला आहे. मित्र हा देव तर इ.स.पू. चौदाव्या शतकातील, सीरियाच्या बाजूच्या मितानी राज्याच्या राजाने केलेल्या तहातही साक्षी आहे. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार शाळाशाळांतून केला. त्यातील बारा नमस्कारांचा आरंभ या मित्राच्याच नावाने होतो.

ग्रहांच्या गतीतून कथा निर्माण झाल्याची उदाहरणे विशेष मनोज्ञ आहेत. शनीला सूर्याभोवती फिरण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणून कथेत तो सूर्याचा पुत्र असूनही लंगडा आणि मंद आहे. एका राशीत तो अडीच वर्षे राहतो, तीन राशींची मिळून साडेसाती होते. गुरूची फेरी सुमारे बारा वर्षांची. तो कन्या राशीत आला, की गंगा कृष्णेच्या भेटीला येते या श्रद्धेने वाईच्या घाटांवर कन्यागत पर्वकाळ साजरा होतो. अलीकडचा कन्यागत २०१६ मध्ये आला. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते असे मानतात. गुरूच्या पाच फेऱ्या म्हणजेही सुमारे साठ वर्षे, आणि साठ संवत्सरांचे चक्र त्यांवरच उभे आहे.

अशा सुंदर मेळांमुळे सगळे देव मुळात सूर्यच आणि सगळ्या कथा म्हणजे राशिचक्राचे रूपक, असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये द्युपुई याने व एकोणिसाव्या शतकात माक्स म्युलर याने, निरनिराळ्या वाटांनी, त्या दिशेने मांडणी केली. तिचा अतिरेक आता अभ्यासकांनी सोडला आहे, आणि ते योग्यच झाले. बारा ही संख्या दिसली, की राशी शोधायच्या ही पद्धत टिकत नाही, कारण वर्षाचे बारा चांद्रमास कोणत्याही शेतकरी समाजाला दिसतात.

मकरसंक्रांतीच्या तारखेतही ही गुंतागुंत आहे. उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होते. संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य जेथे असतो तो आकाशातील बिंदू, दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकत असल्याने नक्षत्रांवर आधारलेली संक्रांत १४-१५ जानेवारीपर्यंत पुढे गेली आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईला लोक संक्रांतीशी जोडतात, पण गणिताने त्या काळी ती तीन-चार दिवस आधीच येऊन गेलेली असते. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा यावर लोकमान्य टिळक आणि ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर यांचे पक्ष वेगळे होते. त्यामुळे टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत तिळगूळ १० जानेवारीच्या सुमारास वाटला जातो आणि शेजारच्या घरात तो चार-पाच दिवसांनी. माघ शुद्ध सप्तमीची रथसप्तमी तिथीवर ठरत असल्याने तिला या अंतराची अडचण सहसा पडत नाही. अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यातले दूध उतू जाऊ देऊन ती साजरी होते आणि त्या दिवशी संक्रांतीचे हळदीकुंकू संपते.