यंत्रलेखन आणि मानवी लेखनाचे अनुकरण

यंत्रलेखन : माणसाने लिहिल्यासारखा वाटणारा, परंतु यंत्राने जुळवलेला मजकूर. त्याविषयीची मुख्य चिंता लेखनाच्या दर्जाची नसून लेखनामागे कोण उभे आहे, ही आहे.

आरंभाविषयी मतभेद आहेत. जॉन क्लार्क यांनी १८४५ मध्ये लंडनला मांडलेले यंत्र षट्गणी (सहा गणांच्या) लॅटिन ओळी जुळवीत असे. काहीजण त्यालाच पहिला मान देतात. मात्र तेथे व्याकरणाचा साचा ठरलेला असून शब्द तेवढे पालटत. क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी साधारणतः १९५२ च्या सुमारास मँचेस्टरच्या संगणकाकडून करवून घेतलेली प्रेमपत्रेही याच जातीची. त्यांखाली सही मात्र संगणकाच्याच आद्याक्षरांची असे, हे लक्षणीय आहे. याउलट आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ मध्ये रशियन कवी पुश्किनच्या काव्यातील २०,००० अक्षरांत स्वर-व्यंजनांचा क्रम मोजला. त्यांनी मजकूर रचला नाही. पण मागच्या अक्षरावरून पुढच्याची संभाव्यता काढण्याची रीत तेथे दिसते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये तीच रीत शब्दांना लावून इंग्रजीसारखी भासणारी वाक्ये मिळवली. आजची भाषा-मॉडेले, म्हणजे प्रचंड मजकुरावरून शिकलेल्या संगणक-प्रणाली, पुढचा शब्द संभाव्यतेनेच निवडतात; म्हणून त्यांचे मूळ या दुसऱ्या परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

ॲलन ट्युरिंग यांच्या १९५० च्या ‘अनुकरण-खेळा’त, म्हणजे लेखी प्रश्नोत्तरांवरून समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखण्याच्या खेळात, यंत्राची ओळख न पटणे हीच कसोटी ठरली. जोसेफ वायझेनबाउम यांच्या ‘एलायझा’ या संवाद साधणाऱ्या संगणक-प्रणालीशी (१९६६) लोक मन मोकळे करू लागले, तेव्हा वायझेनबाउम स्वतःच अस्वस्थ झाले व पुढे या क्षेत्राचे टीकाकार बनले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर हा प्रश्न सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचला.

यंत्रमजकूर ओळखणारी साधने भरवशाची ठरलेली नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये आणलेले साधन तिच्याच चाचणीत केवळ २६ टक्के यंत्रमजकूर ओळखू शकले आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने यंत्राचा शिक्का मारला; जुलैत ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ निबंध सात साधनांतून तपासले, तेव्हा सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. कारण तांत्रिक आहे : पुढचा शब्द सहज ओळखता येईल असा मजकूर ही साधने यंत्राचा मानतात, आणि परभाषेत जपून लिहिणाऱ्याची शब्दकळा मर्यादित असते. प्रामाणिक लेखकावर स्वतःचेच लेखन सिद्ध करण्याची पाळी यावी, ही या विषयातील सर्वांत गंभीर हानी होय.

शब्दनिवडीत सांख्यिकीय खूण पेरण्याचा उपायही सुचवला गेला आहे; आखूड किंवा पुन्हा लिहून काढलेल्या मजकुरात ती क्षीण होते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात सार्वजनिक हिताच्या विषयांवर माहिती देण्यासाठी प्रसिद्ध केलेला यंत्रमजकूर तसा जाहीर करण्याची तरतूद आहे. माणसाने तो तपासून संपादकीय जबाबदारी घेतली असल्यास सूट आहे.