तुटलेल्या पायऱ्यांवरचा दोर

अलंग, मदन आणि कुलंग हे तिन्ही किल्ले कळसूबाईच्या रांगेत एकमेकांना खेटून उभे आहेत. आंबेवाडीतून निघून मदनच्या चढाला लागलं, की आधी कारवीचं रान लागतं, मग सुट्या दगडमातीचा घसारा आणि त्यानंतर कातळात खोदलेल्या पायऱ्या. पायऱ्या चांगल्या रुंद आहेत. कुणीतरी मन लावून छिन्नी चालवली होती, हे पाऊल ठेवताच कळतं. आणि एका वळणानंतर त्या अचानक संपतात. समोर चाळीस-पन्नास फुटांचा उघडा, सरळ कातळ आणि पाठीशी दरी. डोकं वर केलं तर त्या कातळाच्या पलीकडे पुढच्या पायऱ्यांची सुरुवात दिसते. मधला जिना तेवढा नाही. आज तिथे दोर लावावा लागतो. आधी एक जण वर चढतो, दोर बांधतो आणि बाकीचे कमरेला हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा पट्टा, लावून एकेक करून येतात.

सह्याद्रीतल्या साहसाचा इतिहास विचारणाऱ्याला मी याच कातळाबद्दल सांगतो. तिथला जिना काळाने झिजवलेला नाही, तो 1818 मध्ये सुरुंग लावून उडवण्यात आला. पेशवाई संपत असताना इंग्रजी फौजांनी त्र्यंबक ते इगतपुरी भागातले किल्ले एकामागून एक घेतले आणि पुन्हा कुणाला त्यांच्या आश्रयाने लढता येऊ नये म्हणून पायऱ्या, दरवाजे, तटबंदी फोडली. हे किल्ले लढून घेण्यापेक्षा निकामी करणं सोपं होतं. वर जायची वाट एकच असायची आणि ती कातळात खोदलेली. पन्नास फूट जिना गेला की किल्ला गेला.

त्याच मोहिमेत हरिहर मात्र वाचला. कॅप्टन ब्रिग्जने तो इतर किल्ल्यांबरोबर ताब्यात घेतला, पण तिथला जिना शाबूत राहिला. त्या जिन्याचं वर्णन त्याने लिहून ठेवलंय. सरळ उभ्या कड्याला शिडी लावावी तसा हा जिना, असं त्याला वाटलं होतं. हरिहरला गेलेल्या कुणालाही ते पटेल. प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना पंजा रुतेल अशी खोबण कोरलेली आहे. दोनशे वर्षांनंतर आपण तिथेच बोटं अडकवतो. हरिहरला दोराशिवाय जाता येतं आणि मदनला दोर लागतो, त्याचं कारण 1818 सालात आहे.

डोंगर चढणं ही काही आपल्याकडे इंग्रजांनी आणलेली गोष्ट नव्हे. घाटमाथा आणि कोकण यांच्यात उभा कडा असल्यामुळे माणसाला व्यापारासाठी, देवासाठी, लग्नकार्यासाठी हा कडा चढावा-उतरावा लागतच होता. नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे आणि वरच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. म्हणजे ही वाट दोन हजार वर्षं वापरातली. अशा शेकडो घाटवाटा आहेत, त्यांत नळीच्या, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतल्या, वाटा आहेत, बैलांच्या आहेत आणि फक्त पायांच्या आहेत. महादेव कोळी, ठाकर, धनगर, कातकरी यांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या चालत्या ठेवल्या. मध काढायला दोरावरून कड्यात उतरणारा माणूस गिर्यारोहक म्हणून कधी कुठल्या यादीत आला नाही, पण आपल्या पहिल्या दोराच्या गाठी त्याच्याच हातात होत्या.

मराठ्यांच्या लढायांतही कडे चढणं हे रीतसर शास्त्र होतं. 'माळ लावणे' हा शब्द जुन्या बखरींत येतो. माळ म्हणजे दोराची शिडी. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांची माणसं कोंढाण्याचा कडा चढून गेली. 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसं घेऊन पन्हाळा घेतला. घोरपडीची कथा खरी-खोटी कशीही असो, तिच्यात एक गोष्ट पक्की दिसते. कडा हा अडथळा नाही, कडा ही वाट आहे, अशी समज त्या माणसांमध्ये होती.

1818 नंतर ही समज जवळजवळ शतकभर झोपली. किल्ले ओस पडले, टाकी गाळाने भरली. त्याच काळात इंग्रजांनी डोंगराला वेगळा अर्थ दिला. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या पठारावर चढला आणि थंड हवेचं ठिकाण उभं राहिलं. मग पॉइंट आले, बंगले आले, घोडे आले. खंडाळ्याच्या नागफणीला ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून ड्यूक्स नोज हे नाव पडलं. पण मराठी माणूस डोंगराकडे परत वळला तो या वाटेने नाही. टिळकांनी 1896 मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा उत्सव सुरू केला, तेव्हा लोक गड चढले ते दर्शनासाठी. गडावर जायचं म्हणजे समाधीपुढे डोकं टेकायचं, टाक्यातलं पाणी प्यायचं, दगड ओळखायचे. मला वाटतं, आपल्या गिर्यारोहणाचा स्वभाव तिथेच ठरला. युरोपात आल्प्स चढणाऱ्याला शिखर हवं होतं. आपल्याला गड हवा होता, आणि मध्ये कडा आला म्हणून दोर शिकावा लागला.

तो दोर शिकायला मात्र दूर जावं लागलं. 1953 मध्ये तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेनसिंग तिथल्या प्रशिक्षणाचे प्रमुख होते. त्याच 1954 मध्ये मुंबईत गिरिविहार ही संस्था निघाली. 1965 मध्ये गिर्यारोहण शिकवणारी उत्तरकाशीची संस्था सुरू झाली. मुंबई-पुण्याची मुलं महिनाभराची रजा टाकून बेसिक आणि अॅडव्हान्स कोर्स करायला जायची आणि परत येऊन तेच मुंब्र्याच्या कातळांवर इतरांना शिकवायची. शिकवण्याची फी नव्हती. रविवारी सकाळी लोकलने यायचं, एवढीच अट.

या संस्थांबद्दल लिहिताना हात आखडता घेणं मला जमत नाही. मुलुंडचे चक्रम हायकर्स, 1982 ची पुण्याची गिरिप्रेमी आणि गावोगावच्या कितीतरी लहान संस्था, ज्यांचं कार्यालय म्हणजे कुणाच्या तरी घरची ओसरी आणि मालमत्ता म्हणजे दोन दोर, आठ-दहा कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, आणि एक पातेलं. बँकेतले कारकून, गिरणीतले फिटर, शिक्षक, कॉलेजची पोरं असे सगळे सभासद. परदेशी दोर परवडणारा नव्हता, म्हणून मनिला दोर कमरेला बांधून चढाया झाल्या. पिटॉन, म्हणजे कातळाच्या भेगेत ठोकायच्या मेखा, ओळखीच्या लोहाराकडून किंवा वर्कशॉपमधून घडवून घेतलेल्या. पायात हंटर शूज. शनिवारी रात्रीची मुक्कामी एसटी पकडायची, शेवटच्या गावात उतरून मारुतीच्या देवळात पथारी टाकायची, पहाटे गावातल्या कुणालातरी वाटेला लावून द्यायला सांगायचं. मी या पिढीच्या शेवटच्या टोकाला आलो. मला पहिली गाठ शिकवणाऱ्या दादाने तीच गाठ माझ्याकडून अंधारात, डोळे मिटून, वीस वेळा बांधून घेतली होती. तेव्हा चिडलो होतो. पुढे एका पावसाळी संध्याकाळी टॉर्च विझल्यावर ती हाताला आपोआप आली.

याच काळात सुळक्यांकडे लक्ष गेलं. जीवधनशेजारची वानरलिंगी, रायगडासमोरचा लिंगाणा, तैलबैलाच्या भिंती, ड्यूक्स नोज आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. यांचा कस वेगळा आहे. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा डोंगर. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा पदर, म्हणजे दोन कड्यांमधली उतरती पट्टी, होतो. त्यामुळे चढाई टप्प्याटप्प्याने येते. कातळ, मग गवताची पट्टी, परत कातळ. हाताला आलेला दगड कधी निसटेल याचा भरवसा नाही, आणि पावसाळ्यानंतर तर मुळीच नाही. ग्रॅनाइटवर शिकलेला माणूस इथे येऊन थबकतो. इथे प्रत्येक पकड आधी ठोकून पाहावी लागते. आवाज पोकळ आला तर हात काढून घ्यायचा. हे ज्ञान त्या काळी कुठल्या पुस्तकात नव्हतं, ते या संस्थांनी कड्यावर, कधी माणसं गमावून, मिळवलं.

या पायावरच मराठी माणसं हिमालयात गेली. 1988 मध्ये वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली गिरिविहारची मोहीम कांचनजुंगावर गेली. आठ हजार मीटरच्या शिखरावर जाण्याचा भारतातल्या बिगरलष्करी संस्थेचा तो सुरुवातीचा धाडसी प्रयत्न. शिखर हुकलं आणि संजय बोरोले परत आले नाहीत. जुन्या गिर्यारोहकांच्या बोलण्यात हे नाव आजही आवाज खाली करून येतं. दहा वर्षांनी, 1998 मध्ये, सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचणारे पहिले मराठी गिर्यारोहक ठरले. मग 2012 मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीचा संघ एव्हरेस्टवर गेला आणि 2019 मध्ये याच संस्थेचे दहा जण एकाच मोहिमेत कांचनजुंगाच्या माथ्यावर पोचले. प्रस्तरारोहणाच्या स्पर्धांतही मुंबईकर मागे नव्हते. गिरिविहारने 2016 मध्ये बोल्डरिंगची, म्हणजे बुटक्या भिंती दोराशिवाय चढण्याची, विश्वचषक स्पर्धा नवी मुंबईत भरवली.

दरम्यान खाली, पायथ्याशी, चित्र पालटत होतं. नव्वदच्या दशकात कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंग सुरू झालं. पुढे कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग आलं. या राफ्टिंगचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. ही नदी उन्हाळ्यातही वाहते, कारण मुळशीच्या धरणाचं पाणी घाटावरून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं आणि वीज करून झाल्यावर कुंडलिकेत सुटतं. सकाळी पाणी सुटतं, म्हणून राफ्टही सकाळीच निघतात. आणि हे तेच मुळशी धरण, ज्यात आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सेनापती बापटांच्या सोबतीने सत्याग्रह केला होता. लाटेवर ओरडणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

2010 च्या आसपास फोनवरून ट्रेक भरायला लागले. एका फोटोने हरिहर देशभर पोचला, कलावंतीण पोचला, सांदण दरी पोचली. पूर्वी ज्या गावात आठवड्याला दहा माणसं यायची, तिथे एका रविवारी शेकड्यांनी गाड्या उभ्या राहू लागल्या. त्याचं वाईट मला सरसकट वाटत नाही. पायथ्याच्या गावांत पिठलं-भाकरी करून देणाऱ्या बायांच्या हातात पैसा आला, वाट दाखवणाऱ्या पोरांना रोजगार मिळाला, आणि ज्या मुलींना पूर्वी घरून रात्रीच्या मुक्कामाला कुणी सोडत नव्हतं त्या आता दोर सांभाळतात. तुटला तो शिकण्याचा क्रम. आधी वर्षभर सोपे गड, मग कातळटप्पे, मग सुळका, अशी जी चढण होती ती पैसे भरून एका रात्रीत ओलांडता येऊ लागली. मी स्वतः एका व्यावसायिक गटाबरोबर एकदा मदनला गेलो होतो. चाळीस माणसं, एक दोर आणि दोर लावणारा मुलगा जेमतेम विशीतला. त्या कातळाखाली आम्ही तीन तास रांगेत होतो, आणि वर पोचलेल्यांना उतरताना अंधार झाला. कुणाला काही झालं नाही. पण बिले देताना, म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळताना, त्या मुलाचे हात थरथरत होते, ते मी पाहिलं.

कायदा याच काळात आला. हिमालयातल्या एका मोहिमेत मुलं गमावलेल्या पालकांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यानंतर राज्य सरकारने 2014 मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षेसाठी शासन निर्णय काढला. तो डोंगरावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारात न घेता लिहिलेला आहे, अशी संस्थांची तक्रार होती. 2018 मध्ये सुधारित निर्णय आला आणि 2021 मध्ये पर्यटन विभागाने साहसी पर्यटनाचं धोरण आणून नोंदणी, प्रशिक्षित माणसं आणि विमा यांचा आग्रह धरला. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्यावर जबाबदारी हवीच, त्यात दुमत नाही. अवघड होतं ते विनामूल्य चालणाऱ्या जुन्या संस्थांना आणि व्यवसायाला एकाच मापाने कसं मोजायचं हे, आणि त्यावरचा वाद अजून शमलेला नाही.

त्या जुन्या संस्थांनी काय राखलं, ते मात्र कागदाबाहेर दिसतं. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीला निघाले होते आणि त्यांची बस आंबेनळी घाटात खोल दरीत कोसळली. एकच जण वाचला आणि तो स्वतः वर चढून आला. बाकीच्यांना वर आणायला महाबळेश्वर, पोलादपूर, खोपोली भागातले ट्रेकर दोर घेऊन धावले. पाऊस, धुकं, निसरडा मुरूम. गावातल्या माणसांबरोबर ते दरीत उतरले आणि एकेक मृतदेह स्ट्रेचरला बांधून वर आणला. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हाही पहाटेच्या अंधारात तासभराची ती चढण चढून गेलेल्यांत ट्रेकर होते, कारण त्या वाडीला रस्ताच नव्हता आणि वाट त्यांच्या पायाखालची होती. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचावकार्य करणाऱ्या संस्थेच्या मुलांना दर पावसाळ्यात असे फोन येतात. कुणी कड्यावर अडकलेलं असतं, कुणी धबधब्यात वाहून गेलेलं असतं. हातातलं काम टाकून ती मुलं निघतात. त्यांच्या सॅकमध्ये दोर कायम भरलेला असतो, आणि तो ओला झाला की परतल्यावर सावलीत पसरून वाळवायचा, उन्हात नाही, हे पाठ त्यांना कुणातरी दादाने आधीच दिलेले असतात.