वेटरच्या बुडालेल्या टिपा आणि तेलगळतीचा कायदा

पंढरपुरात 2020 आणि 2021 अशी सलग दोन वर्षं आषाढी वारी भरली नाही. करोनाच्या साथीमुळे पादुका एसटीतून आल्या आणि ऐन यात्रेत शहरात संचारबंदी होती. लॉजवरचा रूमबॉय, खानावळीत भाकऱ्या थापणारी बाई, चहाच्या हॉटेलातला पोऱ्या यांच्या हाती त्या दोन आषाढींत काय पडलं, हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हॉटेलच्या भिंती जागेवर होत्या, भट्टी शाबूत होती. गिऱ्हाईक आलं नाही, एवढंच.

या ‘एवढंच’ची भरपाई कुणाकडे मागायची? साथीच्या बाबतीत मागायला समोर कुणी नव्हतंच. पण जिथे दोषी ठरवता येईल अशी कंपनी समोर असते, तिथेही हॉटेल कामगाराला त्याची कमाई परत मिळवताना घाम फुटतो. याचा सगळ्यात मोठा इतिहास घडला तो समुद्रातल्या तेलगळतींच्या निमित्तानं.

सुरुवात एका जहाजाच्या पंख्यापासून होते. गोदी-कंपनीच्या निष्काळजीपणामुळे दुरुस्तीला आलेल्या जहाजाचा पंखा बिघडला आणि जहाज भाड्यानं घेतलेल्यांचे दोन आठवडे वाया गेले. 1927 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘रॉबिन्स ड्राय डॉक’ खटल्यात त्यांना भरपाई नाकारली. मोडलं ते मालकाचं. तुमचा फक्त धंदा बुडाला, त्याचा हिशेब कोर्ट करणार नाही, असा त्याचा अर्थ. नुकसानीची साखळी कुठेतरी तोडावीच लागते, नाहीतर दाव्यांना अंत उरणार नाही, हा त्यामागचा विचार अगदीच अडाणी नव्हता. पण साखळी तुटायची ती नेहमी खालच्या माणसाच्या आधीच.

जुलै 1972 मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात कॅस्को उपसागरात ‘तमानो’ नावाच्या नॉर्वेजियन टँकरमधून जड इंधन तेल सांडलं. मच्छीमार, शिंपले वेचणारे आणि ओल्ड ऑर्चर्ड बीचवरचे मोटेल-उपाहारगृहांचे मालक असे सगळेच कोर्टात गेले. 1973 च्या निकालात मच्छीमार आणि शिंपलेवाले आत आले, कारण समुद्र हेच त्यांचं शेत. मोटेलवाल्यांना दार बंद झालं. त्यांचं नुकसान अप्रत्यक्ष, सगळ्या गावाला झालं तसं. मालकांचीच ही गत, तर त्यांच्याकडे ताटं उचलणाऱ्यांचा प्रश्न त्या खटल्यात यायचं कारणच नव्हतं.

युरोपात वाट थोडी वेगळी निघाली. मार्च 1967 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅनियन’ हा टँकर खडकावर चढला आणि लाखभर टनांहून अधिक कच्च्या तेलाचा प्रश्न उभा राहिला. त्यातून 1969 आणि 1971 चे आंतरराष्ट्रीय करार आले, पुढे 1992 मध्ये ते सुधारले गेले, आणि तेल आयात करणाऱ्यांच्या वर्गणीतून एक भरपाई निधी तयार झाला. त्याचं कार्यालय लंडनला आहे. हा निधी पर्यटन-व्यवसायाचे दावे मानतो, पण चाळणी लावून. पर्यटकाला थेट सेवा विकणारं हॉटेल चाळणीतून वर राहतं. त्या हॉटेलला माल पुरवणारा सहसा खाली गळतो. सोलापूरच्या भाषेत सांगायचं तर किनाऱ्यावरच्या लॉजचा दावा उभा राहू शकतो, त्या लॉजला टॉवेल विणून पाठवणाऱ्या आपल्या कारखानदाराचा बहुधा नाही. मग मागावरच्या कामगाराचं तर विचारूच नका.

अमेरिकेत कायदा बदलायला अलास्का लागलं. 24 मार्च 1989 रोजी ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज तिथल्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातात खडकावर आदळलं, सुमारे 1 कोटी 10 लाख गॅलन तेल सांडलं. पुढच्याच वर्षी काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, तेलप्रदूषण कायदा केला. त्यात एक कलम फार मोलाचं आहे: नैसर्गिक संपत्तीची हानी झाल्यामुळे ज्याचा नफा बुडाला किंवा कमावण्याची क्षमता घटली, त्याला भरपाई मागता येते, मग ती संपत्ती त्याच्या मालकीची नसली तरी चालेल. 1927 चा अडसर निदान कागदावर तरी दूर झाला. (एक्सॉनचा खटला मात्र लांबतच गेला. 1994 मध्ये ज्यूरीनं 5 अब्ज डॉलरचा दंडात्मक आकडा ठरवला होता. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो सुमारे 50 कोटींवर आणला. तोवर अनेक दावेदार वारले होते.)

या कलमाची खरी परीक्षा झाली 2010 मध्ये. 20 एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात बीपी या ब्रिटिश तेलकंपनीच्या मकोंडो विहिरीवर काम करणाऱ्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या मंचावर स्फोट झाला, 11 कामगार मेले. विहीर 87 दिवस वाहत राहिली. 15 जुलैला टोपण बसलं. तारखा नीट पाहिल्या की हॉटेलवाल्यांचं दुखणं कळतं. आखाताच्या किनाऱ्यावर सीझन मे अखेरीला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपतो. म्हणजे आपल्याकडे चैत्रात तेल सुटावं आणि आषाढी-कार्तिकी दोन्ही हातच्या जाव्यात, असा प्रकार. जूनच्या सुरुवातीला अलाबामा आणि फ्लोरिडाच्या पांढऱ्या वाळूवर डांबरगोळे येऊ लागले. जिथे एक थेंबही पोचला नव्हता, तिथलीही बुकिंगं रद्द झाली, कारण टीव्हीवर सगळा किनारा काळाच दिसत होता. 2 जूनला आखातातल्या केंद्राच्या अखत्यारीतल्या पाण्यापैकी 37 टक्के भागात मासेमारी बंद होती. न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलांत कालवं मिळेनात.

मच्छीमारांसाठी बीपीनं एक सोय केली होती. त्यांच्या होड्या भाड्यानं घेऊन तेल गोळा करण्याच्या कामाला लावल्या. खोल्या झाडणाऱ्या बाईकडे होडी नव्हती. तिचे कामाचे तास आधी निम्मे झाले, मग कामच गेलं. वेटरांची तऱ्हा आणखी वेगळी. अमेरिकेत टीप घेणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर अडकलेलं आहे, आणि अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना या तिन्ही राज्यांनी स्वतःचं किमान वेतन ठरवलेलंच नाही. पगार नावापुरता, संसार टिपांवर. त्या रोख मिळतात आणि सगळ्याच काही करविवरणात उतरत नाहीत. भरपाई मात्र करविवरणावरून मोजली जाणार होती.

राष्ट्राध्यक्ष ओबामांशी झालेल्या बैठकीनंतर 16 जूनला बीपीनं 20 अब्ज डॉलरचा निधी बाजूला काढायचं कबूल केलं. भरपाईवर कायद्यानं घातलेली साडेसात कोटी डॉलरची मर्यादा कंपनीनं आपणहून सोडली, हे तिच्या बाजूनं नोंदवायला हवं. वाटपासाठी नेमले गेले केनेथ फाइनबर्ग, 11 सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या बळींची भरपाई ठरवणारे वकील. 23 ऑगस्टला त्यांचं कार्यालय सुरू झालं आणि पहिलाच वाद पेटला तो अंतराचा: तुमचं हॉटेल तेलापासून किती लांब? फ्लोरिडातून ओरड झाल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांनी अंतराची अट सोडून दिली. 1973 मध्ये मेनमध्ये हरलेला मुद्दा इथे महिन्या-दीड महिन्यात सुटला, पण सुटला तो कोर्टात नव्हे, वर्तमानपत्रांच्या आणि राजकारण्यांच्या दबावानं.

पुढचा टप्पा मला सगळ्यात बोचरा वाटतो. तातडीची मदत नोव्हेंबरमध्ये थांबली आणि दावेदारांपुढे तीन वाटा ठेवल्या गेल्या. कागदपत्रं देऊन अंतिम रक्कम मागा. तिमाही-तिमाहीला अंतरिम मागा. किंवा व्यक्तीला सरसकट 5,000 डॉलर, व्यवसायाला 25,000, आणखी कागद नको, फक्त बीपी आणि इतर कंपन्यांवर दावा करणार नाही असं लिहून द्या. घरभाडं थकलेला, कागद नसलेला वेटर यातली कोणती वाट धरेल हे सांगायला कायदा शिकावा लागत नाही. झटपट वाट ही गरजूंच्या सोयीसाठी आहे, असा कार्यालयाचा युक्तिवाद होता, आणि ज्याचं नुकसान खरंच तेवढंच होतं त्याच्यापुरता तो बरोबरही असेल. पण अडलेल्या माणसाची सही ही मोकळी सही नसते.

फाइनबर्गांच्या फर्मचं मानधन बीपी देत होती, सुरुवातीला महिन्याला 8,50,000 डॉलर. तरी ते स्वतःला तटस्थ म्हणवत. 2 फेब्रुवारी 2011 रोजी न्यू ऑर्लिन्सचे न्यायाधीश कार्ल बार्बिये यांनी त्यांना तसं म्हणायला मनाई केली. त्याच महिन्यात गणित जाहीर झालं: 2010 च्या नुकसानीच्या दुप्पट रक्कम, त्यातून आधी दिलेली मदत वजा, कालवं काढणाऱ्यांना चौपट. म्हणजे किनाऱ्यावरची हॉटेलं दोन-तीन वर्षांत सावरतील हे गृहीत धरलं गेलं. पुढे स्वतंत्र लेखापरीक्षण झालं, तेव्हा सुमारे 7,300 जणांना चुकून नाकारलं किंवा कमी दिलं गेल्याचं आढळलं. त्यांना 6 कोटी 40 लाख डॉलर आणखी द्यावे लागले. तरीही एकूण हिशेबात या कार्यालयानं 2 लाखांहून अधिक व्यक्ती आणि व्यवसायांना 6 अब्ज डॉलरवर रक्कम दिली. इतक्या कमी वेळात इतक्या लोकांपर्यंत पैसा पोचणं ही लहान गोष्ट नाही, हे टीकाकारांनाही मान्य करावं लागलं.

2012 मध्ये हे काम कोर्टाच्या देखरेखीखालच्या तडजोडीकडे गेलं. त्यात किनाऱ्याजवळच्या पर्यटन-व्यवसायाला झुकतं माप होतं, आणि करविवरण किंवा पगारचिठ्ठी नसलेल्यांसाठी स्वतःच्या व मालकाच्या शपथपत्रांची वाट ठेवली होती. कामगारांच्या दृष्टीनं ही मोठी सुधारणा. फक्त कॅसिनो-उद्योग या तडजोडीबाहेर ठेवला गेला. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीला हॉटेल म्हणजे बव्हंशी कॅसिनोच, तेव्हा हे किती जणांना लागलं असेल ते ओळखा. बीपीनं नंतर खोट्या दाव्यांची तक्रार करत वरपर्यंत धाव घेतली. डिसेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते अपील ऐकायला नकार दिला. दाव्यांची अखेरची तारीख होती 8 जून 2015.

आपल्याकडे काय? मकोंडो विहीर कायमची बंद होत होती त्याच सुमारास, 7 ऑगस्ट 2010 रोजी, मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं धडकली. तेल रायगडच्या खारफुटीत शिरलं. पुढच्याच ऑगस्टमध्ये कोळसा घेऊन चाललेलं ‘रॅक कॅरियर’ मुंबईजवळ बुडालं आणि तेल जुहूच्या वाळूवर आलं. भारत 1992 च्या आंतरराष्ट्रीय करारांत सहभागी आहे, पण ते करार माल म्हणून तेल नेणाऱ्या टँकरांसाठी. चित्रा कंटेनरचं जहाज, रॅक कोळशाचं. रॅक प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2016 मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांना 100 कोटी आणि कोळशाच्या मालक कंपनीला 5 कोटी रुपये भरायचा आदेश दिला. ती पर्यावरणीय भरपाई होती. चौपाटीवरच्या भेळवाल्याचा किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलातल्या वेटरचा त्यात हिस्सा नव्हता.

25 मे 2025 रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा 3’ बुडालं. केरळ सरकारनं उच्च न्यायालयात 9,531 कोटींचा दावा लावला, त्यातले सुमारे 526 कोटी आर्थिक नुकसानीपोटी, आणि ते मच्छीमारांच्या नावावर. बाकी रक्कम पर्यावरणाची हानी आणि साफसफाई यांची. मच्छीमारांना मिळायलाच हवेत, त्यात दुमत नाही. पण जे राज्य हाउसबोट आणि रिसॉर्टवर जगाला बोलावतं, त्याच्या दाव्यातही पर्यटनातल्या कामगाराला वेगळा रकाना मिळाला नाही.

गंमत अशी की आपला कायदा याला आडवा येत नाही. 2010 च्या हरित न्यायाधिकरण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत भरपाईच्या बाबी मोजल्या आहेत, त्यात ‘व्यवसाय किंवा रोजगार बुडणे’ ही बाब स्पष्ट लिहिलेली आहे. अपघात असेल तर चूक कुणाची हे सिद्ध करायची अटही नाही. अर्जाला साधारण पाच वर्षांची मुदत आहे आणि महाराष्ट्रासाठी खंडपीठ पुण्यात बसतं. सोलापुरात समुद्र नाही, पण पाकणीचे तेल डेपो आहेत, तिथून सुटणारे टँकर आहेत, त्यांच्या रस्त्यावर ढाबे आहेत. उजनीच्या पाण्यातून मासळी निघते आणि तिच्यावर महामार्गाकडेची हॉटेलं चालतात. दावा उभा राहण्यासाठी किनारा लागतोच असं नाही.

लागतो तो कागद, आणि आखातातला वेटर अडला तिथेच आपलाही अडतो. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा वीस किंवा जास्त (2025 च्या दुरुस्तीआधी दहा) कामगार असलेल्या ठिकाणीच पूर्णपणे लागू होतो. त्याहून लहान खानावळीच्या मालकानं फक्त माहिती कळवायची. वस्ताद, दोन वेटर, भांडी घासणारी मावशी आणि गल्ल्यावर मालक, एवढ्यावर चालणाऱ्या जागी मस्टर कोण ठेवणार? खाडे आणि उचल मालकाच्या वहीत, पगार रोख, जेवण पगारातच धरलेलं. पूर्वी टीप निदान वेटरच्या खिशात पडायची. आता पुष्कळदा तीही बिलाबरोबर गल्ल्यावरच्या क्यूआर कोडवर जाते आणि त्याच्या नावावर कुठेच दिसत नाही. ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीत, नाव नोंदवलेलं असेल तर कामाचा प्रकार सांगता येतो, गेल्या आषाढीला किती कमावलं ते नाही. न्यायाधिकरणापुढे ‘रोजगार बुडाला’ म्हणायचं तर आधी तो होता आणि केवढा होता हे दाखवायला पगार खात्यावर घेतलेला बरा. ते जमत नसेल तर मालकाच्या सहीची महिनेवार चिठ्ठी तरी. आखातात तडजोडीत शेवटी मालकाचं शपथपत्र चाललं होतं, पण त्यासाठी मालक सही करायला तयार असावा लागतो.