पोलंडमधली जर्मन चिलखती गाडी नुसती करडी नव्हती

“१९४३ च्या आधीची जर्मन गाडी ना? सरसकट करडा मारा आणि मोकळे व्हा.” लष्करी गाड्यांची छोटी मॉडेल करणाऱ्यांत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. १:३५ मापाची (खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढी) एसडीकेएफझेड २२२ ही जर्मन चिलखती गाडी १९४१ च्या रशियातली करत असाल, तर चालेल. सप्टेंबर १९३९ चं पोलंड दाखवायचं असेल, तर साफ चूक.

जर्मन लष्कराच्या १९३७ च्या आदेशानुसार गाडीचा दोन तृतीयांश भाग गडद करडा आणि एक तृतीयांश गडद तपकिरी असायचा. ३१ जुलै १९४० च्या आदेशाने, रंग वाचवण्यासाठी, तपकिरी बंद झाला. निव्वळ करड्या गाड्या त्यानंतरच्या.

मग जुन्या फोटोंत तपकिरी का दिसत नाही? दोन्ही रंग इतके गडद, की कृष्णधवल फिल्मवर त्यांची छटा जवळजवळ एकच उमटते. वर धूळ बसली की संपलंच. चांगली प्रिंट असेल तर मात्र विरलेल्या कडांचे पट्टे ओळखू येतात.

मॉडेलवर नेमकं हेच साधायचं. करडा वाळला की पातळ केलेला तपकिरी एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या पिचकारीने) कमी दाबावर मारा. मास्किंग टेप नकोच, कडा मऊ हव्यात. बाटलीतला तपकिरी तसाच मारला तर गाडी कबऱ्या गाईसारखी दिसते (प्रदर्शनांत अशा गाई बऱ्याच भेटतात), म्हणून त्यात थोडा करडा मिसळा. जर्मन गाडीची ओळख सांगणारा क्रॉस शेवटी: पोलंडमध्ये तो मोठा, भरीव पांढरा होता. पोलिश तोफांना त्यावर नेम धरणं सोपं जाई, त्यामुळे काही गाड्यांवर त्याला चिखल फासलेला असे.