बंदोबस्त, क्रीडास्पर्धांचा

मोठ्या स्पर्धेच्या काळात मैदान, खेळाडूंचे मुक्काम, ये-जा करण्याचे रस्ते आणि प्रेक्षक यांच्याभोवती शासन उभारते ती संरक्षणाची व टेहळणीची व्यवस्था. मराठीत तिला वेगळे नाव रुळलेले नाही. तुळजापूरचे नवरात्र, पैठणची नाथषष्ठी आणि विश्वचषकाचा सामना या सर्वांना हा एकच शब्द पुरतो.

व्युत्पत्ती : शब्द फार्सी आहे, याविषयी वाद नाही, वाद त्याच्या घडणीचा आहे. ‘बस्तन’ (बांधणे) या धातूची वर्तमान व भूत अशी दोन अंगे, ‘बंद’ आणि ‘बस्त’, ‘ओ’ या उभयान्वयी अव्ययाने जोडली आहेत असे एक मत. गुफ्तगू, जुस्तजू हे शब्दही असेच घडले, मात्र त्यांत भूताचे अंग आधी येते. हा क्रमभेद अडचणीचा वाटल्याने काहीजण ‘बंद’ हे नाम (गाठ, बंधन) मानतात. अर्थ दोन्हीकडून सारखाच निघतो. तरी पहिले मत अधिक सोपे दिसते.

पोलिसी अर्थ कोठून आला, हा प्रश्न मराठवाड्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. निजामी राज्यात ‘बंदोबस्त’ म्हणजे प्रामुख्याने जमिनीची मोजणी व सारा ठरवणे. पोलिसांचे खाते ते ‘कोतवाली’, जिल्ह्याचा पोलीसप्रमुख ‘मोहतमीम’ आणि निरीक्षक ‘अमीन’. म्हणून आजचा अर्थ महसुली अर्थाचाच विस्तार असावा, असे सुचवता येते. उलट पेशवाईच्या कागदांत किल्ल्याचा, घाटाचा, चौकीचा बंदोबस्त सर्रास आढळतो, आणि ‘कडेकोट’ या विशेषणातला कोटही तिकडेच बोट दाखवतो. प्रस्तुत अर्थ मराठी लष्करी व्यवहारातून आला आणि मोगलाईत (निजामाच्या मुलखात) तो १९४८ नंतर पक्का झाला, असे मानणे सयुक्तिक ठरावे.

विकास : क्रीडास्पर्धांच्या बंदोबस्ताचे आजचे रूप सामान्यतः म्यूनिक ऑलिंपिकपासून (१९७२) धरतात. तेथे क्रीडाग्रामातील पहारेकरी मुद्दामच निःशस्त्र ठेवले होते. ५ सप्टेंबरच्या हल्ल्यात व त्यानंतरच्या फसलेल्या सुटकेत ११ इस्रायली खेळाडू व प्रशिक्षक मारले गेले. पुढे बहुतेक देशांनी क्रीडाग्रामाला छावणीचेच रूप दिले. भारतात दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वेळी (१९८२) हरियाणातून जाणाऱ्या शीख प्रवाशांच्या झडत्या घेतल्या गेल्या. त्याची कटुता स्पर्धा संपल्यावरही टिकली. बंदोबस्ताचा जाच एखाद्या समूहावर कसा पडतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

क्रिकेटमध्ये धोका पूर्वी खेळपट्टीला अधिक असे. मुंबईत वानखेडेची (१९९१) आणि दिल्लीत कोटल्याची (१९९९) खेळपट्टी पाकिस्तानविरोधापायी उखडली गेली. कोटल्यावर साप सोडण्याच्या धमकीमुळे गारुडीही नेमावे लागले होते. लाहोरला ३ मार्च २००९ रोजी श्रीलंकेच्या संघाच्या बसवर हल्ला झाल्यावर मैदानापेक्षा हॉटेल ते मैदान हा रस्ता अधिक जपला जाऊ लागला.

टेहळणी : पॅरिस ऑलिंपिकसाठी (२०२४) फ्रान्सने मे २०२३ मध्ये खास कायदा करून कॅमेऱ्यांची चित्रे संगणकाकडून तपासण्यास तात्पुरती मुभा दिली. बेवारस वस्तू, गर्दीची घनता, उलट दिशेने जाणारा माणूस असे ठरावीक प्रकारच त्यात टिपायचे होते. चेहरा ओळखण्यास मनाई होती. कतारमध्ये (२०२२) प्रेक्षकाला ‘हय्या’ कार्डाची नोंदणी करावी लागे. अशी साधने स्पर्धेसाठी म्हणून येतात आणि पाहुणे गेल्यावरही मुक्काम हलवत नाहीत, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप आहे. भारतात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. महाराष्ट्रात जमावबंदीचे आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली निघतात.

यंत्रे कितीही आली तरी कामाचा गाभा ‘पॉइंट’ हाच राहतो. पॉइंट म्हणजे शिपायाला नेमून दिलेली उभे राहण्याची जागा. कोण कोठे व किती वाजेपर्यंत उभा राहील हे सांगणाऱ्या कागदाला पोलीस ‘स्कीम’ म्हणतात. साध्या वेषात गर्दीत मिसळणारा तो ‘गोपनीय’चा माणूस, त्याची नोंद स्कीममध्ये असली तरी चारचौघांत तिचा उच्चार होत नाही.

मराठवाडा : या प्रदेशाचा वाटा मैदानापेक्षा मनुष्यबळाचा आहे. राज्य राखीव पोलीस दलाचे गट जालना (३), हिंगोली (१२) व छत्रपती संभाजीनगर (१४) येथे आहेत, आणि राखीव दल हे बाहेरगावच्या बंदोबस्तासाठीच असते. मुदखेड व लातूरला केंद्रीय राखीव पोलीस दलाची, तर चाकूरला सीमा सुरक्षा दलाची प्रशिक्षण केंद्रे आहेत. विभागातला मोठा बंदोबस्त यात्रांचा. नांदेडचा गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळा (२००८) हा त्यांतला विशेष प्रसंग. खेळांत गर्दी खेचते ती कुस्ती. महाराष्ट्र केसरी स्पर्धा डिसेंबर २०१८ मध्ये जालन्यात झाली. तेथे आखाड्याभोवतीचे कडे आणि पटक्यांची गर्दी यांत अंतर फारसे नसते.