ऑनलाइन परीक्षेतील ओळख आणि लेखकत्वाची पडताळणी

परीक्षार्थी तोच आहे ना, आणि उत्तर त्याचेच आहे ना, हे तपासण्याची पद्धत. पहिली बाब ओळखीची, दुसरी लेखकत्वाची. पहिली पटली म्हणजे दुसरीही पटली असे धरून चालणे ही यातली सर्वांत मोठी चूक आहे.

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला आणि कोविडच्या त्या काळात इथल्या मुलांनी बहुपर्यायी प्रश्नांचे पेपर घरून, मोबाइलवर दिले. वर्गात हॉल तिकिटावरचा फोटो आणि चेहरा ताडून पाहणारा पर्यवेक्षक तिथे नव्हता.

त्याची जागा प्रॉक्टरिंग, म्हणजे दुरून पर्यवेक्षण करणारे, सॉफ्टवेअर घेते. लॉगिन, ओटीपी, ओळखपत्र हातात धरून काढलेला फोटो, मग पूर्ण वेळ कॅमेरा. दुसरा चेहरा दिसला किंवा नजर वारंवार हटली की नोंद होते. कळव्याच्या चाळीत एकाच खोलीत पेपर देणाऱ्या मुलीच्या मागून आई पाण्याची कळशी घेऊन गेली, तरी नोंद होणारच. अशा नोंदीला पुरावा मानू नये; माणसाने चित्रीकरण पाहूनच ठरवावे. अमेरिकेतील एका न्यायालयाने २०२२ मध्ये परीक्षेआधी विद्यार्थ्याची खोली कॅमेऱ्याने तपासणे घटनाबाह्य ठरवले.

लेखकत्वाचे काम याहून अवघड. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत प्रबंधाच्या इतरांच्या लेखनाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण साम्य मोजणारे सॉफ्टवेअर नकललेला उतारा शोधते, पैसे देऊन लिहून घेतलेला नवा मजकूर नाही. एआयने लिहिलेले ओळखणारी साधने तर आणखी बेभरवशाची आहेत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतील ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी एआयचे ठरवले. मराठी माध्यमातून आलेला, साधी इंग्रजी वाक्ये लिहिणारा विद्यार्थी याच धोक्यात आहे.

खात्रीचा उपाय जुनाच आहे: कच्चे खर्डे मागणे आणि दहा मिनिटांची तोंडी परीक्षा. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांवर प्रकल्प देणाऱ्याला एवढेच विचारावे, ‘भरतीला चिखल पाण्याखाली गेल्यावर पक्षी कुठे सरकले?’ ऐरोलीच्या काठावर सकाळ घालवलेला विद्यार्थी कागदावर खाडी काढून दाखवतो.