ओकच्या ओंडक्यांत लपलेले चर्चचे वय

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात ऑंगर गावापासून मैलभरावर ग्रीनस्टेड नावाची लहानशी वस्ती आहे. तिथले संत अँड्र्यूचे चर्च हे गावचे चर्च आहे. इंग्लंडमध्ये अशा चर्चला पॅरिश चर्च म्हणतात, आणि गावातल्या माणसांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच वह्यांत नोंदली गेलेली असतात. दुरून पाहणाऱ्याला आधी पांढऱ्या फळ्यांचा मनोरा आणि त्यावरचे निमुळते शिखर दिसते. पूर्वेकडचा वेदीचा भाग विटांचा असून तो इ. स. १५००च्या सुमाराचा आहे. या दोहोंच्या मध्ये, गावकरी जिथे प्रार्थनेला बसतात त्या दालनाच्या भिंती मात्र ओकचे ओंडके उभे चिरून, ते एकाला एक लावून रचलेल्या आहेत. जगातले सर्वांत जुने लाकडी चर्च म्हणून ग्रीनस्टेडचे नाव घेतले जाते ते या भिंतींमुळे. नॉर्वेतले उर्नेसचे प्रसिद्ध लाकडी चर्चसुद्धा ११३०च्या सुमाराचे, म्हणजे यानंतरचे आहे.

या भिंतीतला एकच ओंडका जवळून पाहिला तरी ती घडवणाऱ्या सुतारांचे कसब कळते. ओंडक्याची बाहेरची बाजू झाडाच्या खोडासारखी गोलसरच राहिली आहे, तर आतली बाजू वाकसाने तासून सपाट केलेली आहे. दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत खाच पाडलेली असून शेजारच्या ओंडक्याच्या खाचेत आणि या खाचेत मिळून ओकचीच एक पातळ पट्टी बसवलेली आहे. लाकूड उन्हाने आकसले तरी त्या पट्टीमुळे फटीतून वारा आणि पाऊस आत शिरत नाही.

या भिंती नेमक्या कधी उभ्या राहिल्या, या प्रश्नाला बराच काळ परंपरेनेच उत्तर दिले. पूर्व इंग्लंडमधल्या पूर्व अँग्लिया या राज्याचा राजा एडमंड ८६९ साली डेन्मार्ककडून आलेल्या आक्रमकांच्या हातून मारला गेला आणि पुढे संत मानला गेला. नव्या आक्रमणांच्या भीतीने त्याचा देह १०१० साली लंडनला हलवण्यात आला. १०१३ साली तो परत नेत असताना ऑंगरजवळ मुक्काम झाला आणि त्याची आठवण म्हणून तिथे एक लाकडी प्रार्थनागृह आहे, असे मध्ययुगीन मठवासीयांनी लिहून ठेवले. ते प्रार्थनागृह म्हणजेच ग्रीनस्टेडचे चर्च, अशी समजूत रूढ झाली. १९६०च्या सुमारास लाकडाच्या वलयांवरून ८४५च्या आसपासचे वर्ष काढले गेले, तेव्हा तर मुक्कामाच्या वेळी हे चर्च उभे होते या समजुतीला विज्ञानाचाच आधार मिळाल्यासारखे झाले.

पण वलये मोजणे आणि वलयांवरून साल ठरवणे यांत मोठा फरक आहे. समशीतोष्ण हवामानात ओक दरवर्षी एक वलय वाढवतो. ज्या वर्षी वाढ चांगली होते त्या वर्षीचे वलय रुंद, अवर्षणाच्या वर्षीचे अरुंद. एखाद्या प्रदेशातल्या बहुतेक ओकांना तेच हवामान सोसावे लागत असल्यामुळे रुंद-अरुंद वलयांचा क्रम त्यांच्यात सारखाच उमटतो. आज जिवंत असलेल्या झाडापासून सुरुवात करून, त्याच्या सर्वांत आतल्या वलयांचा क्रम एखाद्या जुन्या घराच्या तुळईतल्या बाहेरच्या वलयांशी जुळवायचा, त्या तुळईचा आणखी जुन्या लाकडाशी, अशी साखळी मागे मागे नेली की प्रत्येक वलयाला निश्चित साल मिळते. १९६०च्या सुमारास इंग्लंडच्या ओकसाठी इतकी लांब आणि सलग साखळी हाती नव्हती, आणि त्यामुळे ते जुने साल डळमळीत पायावर उभे होते. (आपल्याकडे सागाचीही वार्षिक वलये स्पष्ट दिसतात, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत त्यांच्या आधारे जुन्या पावसाचा अभ्यास झालेला आहे.)

पूर्ण झालेल्या साखळीवर १९९०च्या दशकात ग्रीनस्टेडच्या ओंडक्यांची मोजणी पुन्हा झाली, तेव्हा ती १०५३पर्यंत येऊन थांबली. मात्र झाड १०५३ सालीच तोडले, असा याचा अर्थ होत नाही. खोडाच्या मधले पक्के, गडद लाकूड म्हणजे मध्यकाष्ठ, आणि सालीलगतचा फिकट, जिवंत थर म्हणजे रसकाष्ठ. रसकाष्ठात कीड आणि बुरशी लवकर लागते, आणि शतकांच्या ओघात ते झिजून जाते. इंग्लंडच्या ओकमध्ये रसकाष्ठाची साधारण १० ते ५५ वलये असतात, हे असंख्य नमुन्यांवरून ठाऊक असल्याने हरवलेल्या वलयांची ही जागा १०५३च्या पुढे धरावी लागते. म्हणून झाडे १०६३ ते ११०८ या काळात कधीतरी तोडली गेली. ओक ओला असताना काम करायला सोपा असल्याने बांधकामही त्यानंतर लवकरच झाले असावे.

मला या निष्कर्षाचे मोल वाटते ते त्याच्या प्रामाणिकपणामुळे. फ्रान्सच्या उत्तरेकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले १०६६ साली, आणि ते वर्ष याच पट्ट्यात पडते. भिंतीची रचना अँग्लो-सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांच्या आधीच्या इंग्लंडमधल्या सुतारांच्या परंपरेतली आहे, पण ती उभारली तेव्हा गादीवर कोण होते हे वलये सांगत नाहीत, आणि त्यांच्याकडून ते वदवून घेण्याचा प्रयत्नही करू नये.

इतकी शतके हे लाकूड टिकले कसे, हेही समजण्यासारखे आहे. ओकच्या मध्यकाष्ठात टॅनिन भरपूर असते आणि ते बुरशीला मारक ठरते. शिवाय लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही. धोका असतो तो जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात. ग्रीनस्टेडलाही तसेच घडले. १८४८-४९च्या दुरुस्तीत ओंडक्यांची कुजलेली खालची टोके कापून ते विटांच्या जोत्यावर बसवण्यात आले. इतिहासाच्या दृष्टीने हा तोटाच, पण ते जोते नसते तर वलये मोजायला ओंडकेच उरले नसते.

भिंतीखेरीज इथे पाहण्यासारखे थोडेच आहे, पण ते नेमके आहे. प्रवेशमंडपाजवळ एका कबरीवर बाराव्या शतकातली समजली जाणारी दगडी शिळा आहे, आणि गावकरी ती एका क्रूसेडरची, म्हणजे मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयुद्धात लढलेल्या योद्ध्याची म्हणतात. विवाहांच्या वहीत १८३९ची एक नोंद आहे: जेम्स ब्राइन आणि एलिझाबेथ स्टँडफील्ड. शेतमजुरांची संघटना बांधल्याबद्दल १८३४ साली सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या इंग्लंडमधल्या टॉलपडल गावच्या सहा जणांपैकी ब्राइन एक होता, आणि वधू त्याच्याच एका सोबत्याची मुलगी होती. माफी मिळून परतल्यावर त्यांना याच भागात शेती करायला जमीन मिळाली होती.

आणि एडमंडच्या मुक्कामाचे काय? १०१३ साली आजचे ओंडके जंगलात उभ्या झाडांच्या रूपात होते. मात्र १९६०च्या उत्खननात वेदीच्या भागाखाली आणखी जुन्या दोन लाकडी वास्तूंच्या खुणा सापडल्या. त्या वास्तूंचे खांब कधीच कुजून गेले, आणि मातीत उरले आहेत ते त्यांच्या जागी पडलेले गडद डाग. डागांना वलये नसतात.